देशमुखाचं सुतक

या अंकाचा अग्रलेख मस्साजोगच्या सरपंचावर लिहायचा, असं मी बैठकीत सांगितलं तेव्हा एक साथी तडकन् उठला. ‘देशमुखावर? आपल्या अंकात? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?’ दुसरा काही बोलला नाही, चहाच्या पेल्याकडं बघत बसला. तिसऱ्यानं १९७८ काढलं. नामांतराच्या वेळी आपली घरं कुणी पेटवली ते विसरलास का, म्हणाला.

नाही विसरलो. विसरणार कसा? मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण आमच्या घरातल्या भिंतीवरनं ते साल कधी उतरलंच नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या आमच्या वस्त्या जळायला लागल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना हालहाल करून मारलं. नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. तेही नामांतर म्हणून मिळालं नाही, नामविस्तार म्हणून मिळालं. देताना हात आखडता घ्यायचा हा जुना रिवाज आहे.

आणि देशमुख हे आडनाव तर त्याच्याही आधीचं दुखणं. निजामाच्या राज्यात देशमुखीचं वतन होतं, तसं आमचंही ‘वतन’ होतं. त्यांच्या वाट्याला वाडा, आमच्या वाट्याला मेलेलं ढोर. माझ्या पणज्याला वाड्यापुढनं जाताना पायताण हातात घ्यावं लागायचं. हे मला मायनं सांगितलं, मायला तिच्या सासूनं. लोकांच्यात दागिने सासूकडून सुनेकडं येतात, आमच्यात असल्या गोष्टी येतात.

तरीपण हा अग्रलेख लिहितो आहे. साथींचं मी ऐकून घेतलं. आता माझं ऐका.

६ डिसेंबर २०२४. मी दादरला होतो. गोदीतली पाळी एका दोस्ताला देऊन चैत्यभूमीच्या रांगेत उभा होतो. माझ्या पुढं मंठ्याची, परतूरची माणसं. एका म्हातारीच्या पिशवीत दोन दिवसांच्या भाकरी आणि फडक्यात गुंडाळलेला बाबासाहेबांचा फोटो. तिनं मला चटणी दिली. मी तिला कविता म्हणून दाखवली. तिला चटणीएवढी काय आवडली नाही.

त्याच दिवशी बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या मस्साजोगला पवनचक्कीच्या कंपनीच्या आवारात काही लोक घुसले. कंपनीकडून दोन कोटींची खंडणी पाहिजे होती, असं आरोपपत्र सांगतं. दारावर सुरक्षारक्षक होता. गावातलाच, आपल्यातला. त्यानं अडवलं. त्याला मारलं आणि जात काढून शिव्या दिल्या. देशभरातली आपली माणसं ज्या दिवशी बाबासाहेबांपुढं डोकं टेकवत होती, त्या दिवशी आपला एक माणूस पोटासाठी गेटवर उभा होता आणि मार खात होता.

गावात कळलं. सरपंच संतोष देशमुख उठले, गेटवर गेले. गावातली माणसं सोबत गेली. मारणाऱ्यांना त्यांनी हुसकून लावलं.

तीन दिवसांनी, ९ डिसेंबरला, टोलनाक्याजवळ सरपंचांची गाडी अडवली, त्यांना उचलून नेलं आणि जीव जाईस्तोवर मारलं. मारताना मोबाईलवर चित्रण केलं. ते फोटो मार्च २०२५ मध्ये लोकांपुढं आले आणि ४ मार्चला मंत्री धनंजय मुंडे यांनी राजीनामा दिला. आरोपींना मोक्का लागला. त्यांची नावं तुम्हाला पाठ आहेत. मी ती इथं छापत नाही. दोषी कोण ते कोर्ट ठरवील, आणि आमच्या अंकाला शाई उसनी आणावी लागते.

एक गोष्ट मात्र नीट बघा. खंडणी, सुरक्षारक्षकावरचा हल्ला आणि खून, ही तीन प्रकरणं आरोपपत्रात एकत्र बांधली आहेत. म्हणजे सरकारी कागदसुद्धा कबूल करतो की सरपंचाच्या मरणाची वाट आपल्या माणसाच्या वळ उठलेल्या पाठीवरनं गेली आहे. कागदाला कळलं ते आपल्याला कळू नये?

शहरात वाढलेल्या साथींसाठी सांगतो, सरपंच म्हणजे काय. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानं त्याच्या हातात पाणी, गटार, रस्त्यावरचे दिवे, घरपट्टी. वर घरकुलाची यादी, रोजगार हमीचं काम, ग्रामसेवकाशी भांडण. मानधन एवढंच की चहापाण्यात जातं. त्याच्या हातात ना पोलीस, ना बंदूक. कंपनीच्या गेटवर कुणाला मारलं तर तिथं गेलंच पाहिजे असं कुठल्या कलमात लिहिलेलं नाही. ‘मी बाहेरगावी आहे’ एवढं फोनवर म्हटलं तरी भागतं. बहुतेक जण तेवढंच म्हणतात.

गावाबद्दल मला भाबडं प्रेम नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी संविधान सभेत गावगाड्याची लक्तरं टांगली आणि राज्यघटनेचा पाया म्हणून गाव न घेता माणूस घेतला, त्याचा मला अभिमान आहे. १९९३ ला ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली, पंचायतीत राखीव जागा आल्या, आपली माणसं, आपल्या बाया सरपंचाच्या खुर्चीपर्यंत पोचल्या. खुर्चीवर बसू कुठं दिलं सगळ्यांना? कुठं झेंड्याच्या दोरीला हात लावू दिला नाही, कुठं अविश्वासाचा ठराव आणला, कुठं सह्या घेण्यापुरतं घरी कागद पाठवले.

आणि कुठं जीव घेतला. आपल्याच जालना जिल्ह्यातलं नानेगाव. तिथले दलित सरपंच मनोज कसाब, एप्रिल २०१४ मध्ये मारले गेले. किती जणांना आठवतंय? बैठकीत मी विचारलं. १९७८ सांगणाऱ्या साथीलाही आठवलं नाही. मलाही जुनी कात्रणं चाळताना सापडलं. त्याच एप्रिलच्या शेवटी खर्ड्याला नितीन आगे गेला, त्याच्यावर आपण बोललो. नानेगाव मात्र आपल्याच हातून निसटलं. दुसऱ्यांच्या विसरभोळेपणावर बोट ठेवायच्या आधी हे लिहून ठेवतो.

म्हणजे सरपंच नावाचा माणूस गावगाड्यात कुठं उभा असतो ते मला ठाऊक आहे. म्हणूनच हा सरपंच ज्या जागी जाऊन उभा राहिला ती जागा मला मोठी वाटते.

गावाचं त्याच्यावर प्रेम होतं का? १ जानेवारी २०२५ ला मस्साजोगची माणसं न्यायासाठी तळ्याच्या पाण्यात उतरली. १३ जानेवारीला सरपंचाचा भाऊ पाण्याच्या टाकीवर चढला आणि गाव खाली ताटकळत उभं राहिलं. ट्रकनं आणलेली गर्दी थंडीत पाण्यात उतरत नसते. त्यांची लेक बापाचं दुःख उरावर घेऊन बारावीच्या परीक्षेला बसली आणि पास झाली. एवढं पुरे. बाकीची फुलं वाहायला पुढारी आहेत.

आता माझं सांगतो. बैठकीत हे सांगायची हिंमत झाली नाही, लिहून सांगतो.

सरपंच गेले त्याच्या आधीच्या पावसाळ्यातली गोष्ट. मी कंत्राटी मजूर. गोणी उतरवतो, रचतो, कधी कंटेनर बांधायला जातो. आमच्या टोळीत एक पोरगा होता, आपल्याच जालन्याकडचा, आपल्यातलाच. त्याचे अकरा दिवसांचे पैसे कापले. तो हिशोब मागायला गेला. ठेकेदाराच्या चार माणसांनी त्याला गेटवर आणून मारलं. आम्ही नऊ जण तिथं होतो. नऊ जणांच्या हातात हूक होते. मी होतो. मी कवी. मोर्च्यात घसा फोडणारा, स्टेजवर मूठ वळणारा. मी काय केलं? मी बुटाची लेस बांधायला खाली वाकलो. ती सुटलेली नव्हती.

दुसऱ्या दिवसाची पाळी कापली जाईल एवढीच भीती होती. साडेसहाशे रुपयांची भीती. त्या रात्री खोलीवर येऊन मी गेटवरच्या मारावर कविता लिहिली. कविता बरी झाली. दोन ठिकाणी वाचली, टाळ्या पडल्या. पोरगा तिसऱ्या दिवशी रेल्वेत बसून गावाकडं निघून गेला.

मस्साजोगची बातमी मला गोदीतच कळली. जेवणाच्या सुट्टीत एकानं मोबाईल पुढं केला. सरपंच, अपहरण, खून. खाली कारण वाचलं आणि भाकरीचा घास तोंडातच राहिला. मला सरपंच आठवले नाहीत, मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मला आमचं गेट आठवलं. माझी न सुटलेली लेस आठवली. ज्याचा त्या वॉचमनशी जातीचा संबंध नव्हता तो गेला. ज्याचा त्या पोराशी जातीचा, जिल्ह्याचा आणि गोणीचा संबंध होता तो वाकून बसला. साथींनो, आडनावावरून माणूस ओळखायचा तर मला कुठल्या यादीत घालता?

जानेवारीत सुट्टी टाकून गावी आलो. आमचं गाव अंबड तालुक्यात. माय चुलीपुढं बसून रडायली होती. शेजारच्या पोराच्या मोबाईलवर तिनं सरपंचाच्या लेकीचं बोलणं ऐकलं होतं.

मी म्हणालो, ‘कामून रडायलीस? तो काय आपला होता?’

‘मंग कोणाचा व्हता?’

‘मराठ्याचा.’

‘आन् त्यो वाचमन कोणाचा व्हता?’

मी गप्प बसलो.

‘ज्यानं आपल्या लेकरासाठी हात आडवा घातला, त्याचं सुतक लागतं रं आपल्याला.’

मी शिकलेला. मॅट्रिक पास. म्हणालो, ‘माय, आपण बौद्ध आहोत. आपल्यात सुतक नसतं.’

‘नसू दे. दोन दिस झाले भाकर गोड लागंना. त्याला तुझ्या पुस्तकात काय म्हणतेत ते म्हण.’

अग्रलेख इथंच संपायला पाहिजे. पण मायनं सोडवलेलं गणित बाहेर कुणी सोडवू देत नाही, म्हणून पुढं लिहावं लागतं.

जालन्यातही मोर्चा निघाला. मी गेलो. गर्दी मोठी होती, दुःख खरं होतं. बाया डोळ्याला पदर लावून चालत होत्या. मी फलक वाचत चाललो. मला दिसलेल्या एकाही फलकावर ६ डिसेंबर नव्हता. गेट नव्हतं, वॉचमन नव्हता. शेजारच्या एका पोराला विचारलं, सरपंचाला कशापायी मारलं? तो म्हणाला, खंडणीपायी. दुसरा म्हणाला, ते ‘त्यांच्यातले’ आहेत म्हणून. आपल्या माणसाला वाचवायला गेले होते हे तिथं मी सांगितलं तेव्हा पोरं माझ्याकडं बघायला लागली. ओळखीची नजर होती. तू कोणता, असं विचारणारी.

आमच्या अंबड तालुक्यात दोन मांडव पडले होते. एक अंतरवाली सराटीला, मराठा आरक्षणाचा. तिथं १ सप्टेंबर २०२३ ला पोलिसांच्या काठ्या बसल्या, बायांनाही बसल्या. ती काठी चुकीची होती हे आम्ही म्हटलं पाहिजे, कारण काठीची ओळख आमच्याइतकी कुणाला नाही. दुसरा मांडव जून २०२४ मध्ये वडीगोद्रीला, ओबीसींचा. दोन मांडवांत फार अंतर नव्हतं, पण त्या अंतरात अख्खा मराठवाडा चिरला गेला. अमक्याच्या दुकानातून माल घेऊ नका इथवर भाषा गेली. त्या चिरेत सरपंचाचं प्रेत पडलं आणि दोन्ही बाजूंनी ते आपापल्या मापानं मोजायला सुरुवात झाली. मेलेला मराठा, मारणारे वंजारी. झालं, संपली गोष्ट.

ही गोष्ट आम्हाला मान्य नाही. गुन्हा चार-आठ जणांनी करायचा आणि आरोपीच्या पिंजऱ्यात जमात उभी करायची, हा खेळ आमच्यावर पिढ्यान्‌पिढ्या खेळला गेला. माझी माय कोयत्यावर जायची तेव्हा शेजारच्या खोपीत वंजाऱ्याची बाई होती. दोघी एकाच मुकादमाच्या उचलीत अडकलेल्या, एकाच थंडीत पहाटं तीनला मोळ्या बांधायच्या. त्या बाईचा आणि दोन कोटींच्या खंडणीचा काय संबंध? पवनचक्क्या आल्या, जमिनी गेल्या, पैसा आला आणि त्या पैशावर टोळ्या पोसल्या गेल्या. टोळीला जात लागते ती लपायला. तिला आसरा सत्तेचा असतो. ही लढाई टोळी आणि गाव यांची होती. गावाच्या बाजूनं सरपंच उभा राहिला आणि त्या दिवशी गावाचं दार म्हणजे आमचा वॉचमन होता.

आता दुसरी बाजू. तीही बोललीच पाहिजे, नाहीतर हा अग्रलेख गोडगोड होईल आणि गोड आम्हाला पचत नाही.

सरपंच गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबर २०२४ ला, परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. लोक चिडले, बंद झाला. मग पोलीस वस्त्यांत शिरले. सोमनाथ सूर्यवंशी, कायद्याचा विद्यार्थी, वडार समाजातला पोरगा, पोलिसांनी पकडला आणि १५ डिसेंबरला कोठडीत असताना मेला. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा निघाल्या. १६ डिसेंबरला आपले परभणीचे नेते विजय वाकोडे हृदयविकारानं गेले. सोमनाथच्या मरणाबद्दल गुन्हा नोंदवा एवढं सांगायला ४ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ लागलं. सरकार त्याच्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३० जुलैला तिथंही हरलं. गुन्हा नोंदवू नये म्हणून दिल्लीपर्यंत जाणारं सरकार कुणाचं असतं ते ज्यानं त्यानं ओळखावं.

एकाच आठवड्यातली, एकाच मराठवाड्यातली दोन मरणं. मस्साजोगसाठी रस्ते भरून टाकणाऱ्यांना मी विचारतो, परभणीला कधी आलात? हा प्रश्न विचारायचा आम्हाला हक्क आहे. पण हाच प्रश्न उलटा फिरवा. आम्ही परभणीला गेलो, मस्साजोगला कितीजण गेलो? ‘त्यांचं ते बघतील’ असं आपल्यातल्या कितीजणांनी म्हटलं? मी स्वतः जालन्याच्या मोर्च्यात गेलो ते चोरासारखा, निळा रुमाल खिशात घालून. तो गळ्यात घालून जायला पाहिजे होतं. वॉचमन आमचा होता. मान पहिली आमची होती. आम्ही मागं राहिलो आणि मग आमचा माणूस गोष्टीतनं गाळला म्हणून रडायला लागलो.

म्हणून या अंकाची भूमिका सरळ सांगतो.

संतोष देशमुखांची गोष्ट जिथं जिथं सांगितली जाईल तिथं ६ डिसेंबरपासून सांगा. गेटवरचा वॉचमन त्या गोष्टीतनं काढला तर सरपंचाच्या मरणाला अर्थ उरत नाही. तो नुसता एका टोळीचा बळी ठरतो. तो बळी नव्हता. तो स्वतःच्या पायानं चालत गेला होता, आणि कुणासाठी गेला हेच त्याचं मोठेपण आहे.

खुनाच्या खटल्याइतकंच लक्ष वॉचमनवरच्या हल्ल्याच्या खटल्यावर राहिलं पाहिजे. अ‍ॅट्रॉसिटीची कलमं मोठ्या खटल्याच्या सावलीत सुकून जातात, हे आपण पुष्कळ बघितलं आहे. बीडमधल्या साथींनी तारखेला तिथं असावं.

मराठा पोरांनो, तुमच्या जीपच्या काचेवर सरपंचांचा फोटो आहे, चांगलं आहे. पण तुमच्या गावात आमच्या पोराला कुणी मारत असेल तेव्हा जीप त्या गल्लीत वळवा. फोटो लावायला गोंद लागतो. सरपंचांनी केलं ते करायला काय लागतं ते तुम्ही त्यांच्या घरी जाऊन बघून आला आहात. पुतळे उभारू नका. पुतळा उभा राहिला की माणूस उभा राहायचं बंद होतो, हे आम्ही आमच्या अनुभवावरनं सांगतो.

आणि आपल्या साथींनो, ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या आपल्या भावांनो, बायांनो, तुमची खुर्ची राखीव असेल, तुमचं धाडस राखीव ठेवू नका. उद्या एखाद्या मराठ्याच्या, वंजाऱ्याच्या, मुसलमानाच्या लेकराला गेटवर मारतील. तेव्हा त्याचं आडनाव विचारत बसलात तर मस्साजोगकडनं काही शिकला नाहीत. १९७८ विसरायचं नाही. पेटवणाऱ्याला ओळखायचं असतं तसं हात आडवा घालणाऱ्यालाही ओळखायचं असतं. स्मरणशक्ती एका डोळ्यानं आंधळी ठेवली तर ती सूडाच्या कामाची राहते, क्रांतीच्या कामाची राहत नाही.

शेवटचं. हा अग्रलेख लिहायला बसायच्या आधी मी आमच्या टोळीतल्या त्या पोराला फोन केला. आता तो जालन्यात लोखंडाच्या भट्टीवर आहे. जालन्याला सोने का पालना म्हणतात, त्याला तिथं तापलेलं लोखंड मिळालं. मी म्हणालो, ‘त्या दिवशी गेटवर माझं चुकलं.’ बराच वेळ तो काही बोलला नाही. मागं भट्टीचा आवाज येत होता. मग म्हणाला, ‘व्हय, चुकलं.’ पुन्हा थोडं थांबून म्हणाला, ‘माझे अकरा दिवसांचे पैशे अजून बाकीच हायेत.’

सोमवारी सकाळच्या पाळीला मी तो हिशोब मागायला जातो आहे. एकटा जाणार नाही, टोळीतल्या आठही जणांना सांगितलं आहे. त्यातले किती येतील ठाऊक नाही. दोघं मराठे आहेत, एक वंजारी आहे, एक उत्तर प्रदेशचा, बाकी आपले. सुतक फेडायचं म्हणतात ते असंच फेडता येतं. दुसरी रीत मला माहीत नाही.

गेटवर भेटू.

जय भीम.

— संपादक